विद्यार्थी-साहाय्यक संस्था आणि त्यांचे संचालक मंडळ

ज्ञातिसंस्थेची स्मरणिका हाती घेतली की देणगीदारांची नामावली आरंभीच दृष्टीस पडते, गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे मधल्या पानांवर असतात, आणि संचालक मंडळाची यादी कोठेतरी एका चौकटीत छापलेली असते. त्या चौकटीवरून नजर फिरवून वाचक पुढे जातो. वस्तुतः विद्यार्थी-साहाय्यक संस्थेचा इतिहास लिहावयाचा तर त्याचा आरंभ त्या चौकटीपासूनच करावयास हवा. पैसा कोणी दिला यापेक्षा तो कोणाच्या हातून खर्च झाला, दार कोणासाठी उघडले आणि कोणासाठी बंद राहिले, याचा निर्णय त्या चौकटीतील माणसे करीत असतात. महाराष्ट्रात गेल्या सव्वाशे वर्षांत तरुणांना आधार देणाऱ्या ज्या संस्था उभ्या राहिल्या, त्यांपैकी काहींच्या चालकमंडळांचा वृत्तान्त येथे संक्षेपाने सादर करण्याचा हेतू आहे. तो आपल्या ज्ञातिबांधवांस विचारप्रवर्तक वाटेल, अशी आशा आहे.

प्रथम कोल्हापूरकडे वळू. राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९४ मध्ये राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली आणि दोनच वर्षांनी, १८९६ मध्ये, राजाराम महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांकरिता एक वसतिगृह काढविले. हे वसतिगृह सर्व जातींस खुले होते. नियमात कोठेही पंक्तिभेद नव्हता. परंतु व्यवस्था ज्यांच्या हाती होती ते बहुतांशी एकाच वर्गातील होते. परिणामी अल्पावधीतच तेथे त्याच वर्गातील मुलांचा भरणा झाला आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या शेतकऱ्याच्या मुलास तेथे परकेपणा वाटू लागला. नियम उदार असूनही चालक एकाच वर्तुळातील असले तर उदारता कागदावर राहते, हा धडा महाराजांनी या अनुभवावरून घेतला असावा. कारण पुढे त्यांनी वेगळा मार्ग धरला. प्रत्येक समाजातील कर्त्या मंडळींस त्यांनी हाताशी धरले. 'तुमच्या मुलांची व्यवस्था तुम्ही पाहा, जागा आणि साहाय्य दरबार देईल', असे ते धोरण होते.

१९०१ च्या एप्रिल महिन्यात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापन झाले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांसाठी मंडळ स्थापन झाले. त्या वेळी महाराजांनी स्वतः अध्यक्षपद स्वीकारले, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांकरिता वसतिगृह निघाले व त्यास मुंबईच्या गव्हर्नरांच्या कन्येवरून मिस क्लार्क हे नाव देण्यात आले. १९२२ मध्ये महाराज निवर्तले, तोपर्यंत करवीरनगरीत अशा वसतिगृहांची एक मालिकाच उभी राहिली होती. दसरा चौकाच्या परिसरात फिरणाऱ्यास तिच्या खुणा आजही दिसतात.

जातवार वसतिगृहे काढल्याबद्दल महाराजांवर तेव्हाही टीका झाली आणि नंतरही होत राहिली. जातिभेद मोडावयाचा तर जातीच्या नावाने इमारती का उभाराव्या, असा तो आक्षेप होता. आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. तथापि ज्या समाजात सभा कशी भरवावी, ठराव कसा मांडावा, हिशेब कसा ठेवावा याचा अनुभवच नव्हता, त्या समाजातील माणसे या वसतिगृहांच्या निमित्ताने प्रथमच एकत्र बसली. मुले शिकली, हे तर झालेच. परंतु चालकही शिकले. ही पायरी होय, मुक्काम नव्हे, अशीच महाराजांची धारणा होती. पायरीवरच ठाण मांडून बसणाऱ्यांचे पुढे काय होते, हे सांगणारा एक प्रसंग त्याच नगरीत घडला.

कुंभोज गावी १८८७ साली जन्मलेला भाऊराव पायगोंडा पाटील नावाचा एक मुलगा शिक्षणासाठी कोल्हापुरास जैन वसतिगृहात राहिला होता. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास तो उपस्थित राहिला. परत आल्यावर त्याने स्नान करून शुद्ध व्हावे, असा चालकांचा आग्रह पडला. मुलाने तो मानला नाही. त्याचे पर्यवसान त्यास वसतिगृहातून काढण्यात झाले. महाराजांनी त्यास आश्रय दिला. चालकांच्या दृष्टीने पाहता त्यांनी आपल्या नियमाची अंमलबजावणी केली होती, आणि तो नियम त्या काळच्या समाजास धरूनच होता. ती मंडळी दुष्ट नव्हती. आपल्या समाजातील मुलांसाठी झटणारी, सुशिक्षित व सुधारणेची आस्था बाळगणारी होती. म्हणूनच हा प्रसंग अधिक बोधप्रद आहे. सद्हेतूने काम करणारे मंडळसुद्धा, संस्था कशासाठी काढली याचा क्षणभर विसर पडला तर, आपल्या सर्वोत्तम विद्यार्थ्यास दाराबाहेर घालवू शकते.

याच भाऊरावांनी १९१९ च्या ऑक्टोबरात कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये सातारा येथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. तेथे मुले एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करीत, श्रम करीत आणि एका पंक्तीस जेवीत. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी त्या वसतिगृहास भेट दिली आणि त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव दिले. वसतिगृहाची चूल पेटती ठेवण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी सौ. लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडले, हे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. कोणत्याही संचालक मंडळाच्या यादीत या माउलीचे नाव प्रथम असावयास हवे होते. गावोगाव मूठ मूठ धान्य गोळा करून भाऊरावांनी देणगीदाराची व्याख्याच बदलली. मूठभर जोंधळे देणारी म्हातारीही संस्थेची मालक झाली आणि म्हणूनच संस्थेस 'रयत' हे नाव शोभले.

आता मुंबईकडे पाहू. १९०६ च्या ऑक्टोबर महिन्यात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशन, ही संस्था काढली. अध्यक्षस्थानी न्यायमूर्ती सर नारायणराव चंदावरकर होते आणि चिटणीसपद शिंदे यांजकडे होते. परळास शाळा निघाली, पुढे वसतिगृहे निघाली, इंदूरच्या होळकरांच्या औदार्याने पुण्यास अहल्याश्रम उभा राहिला. शिंद्यांचा त्याग निःसंशय होता. ते सहकुटुंब त्या वस्तीत राहिले. परंतु जो समाज शिकत होता त्यातील तरुणांना हळूहळू असे वाटू लागले की, आमच्या नावाने चाललेल्या संस्थेचा कारभार आमच्या हाती का नसावा? हा प्रश्न कृतघ्नपणाचा नव्हता. तो शिक्षणाचाच परिणाम होता. १९२३ मध्ये शिंदे मिशनच्या कारभारातून बाजूस झाले. उपकारकर्त्याने आपण होऊन खुर्ची रिकामी करणे हे देणगी देण्यापेक्षाही कठीण असते, हे अशा वेळी ध्यानात येते.

पुढील वर्षीच, २० जुलै १९२४ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेची मंडळरचना प्रत्येक संस्थाचालकाने अभ्यासावी अशी आहे. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड. उपाध्यक्षांत मेयर निसीम, रुस्तुमजी जिनवाला, डॉ. रघुनाथराव परांजपे आणि बाळासाहेब खेर यांच्यासारखी मंडळी. म्हणजे गुजराती, ज्यू, पारशी आणि महाराष्ट्रीय ब्राह्मण अशी निरनिराळ्या समाजांतील वजनदार माणसे प्रतिष्ठेच्या स्थानी होती. मात्र प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः डॉ. आंबेडकर होते, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर होते आणि कोषाध्यक्ष निवृत्ती तुळशीराम जाधव होते. पाठबळ सर्वांचे घ्यावयाचे, परंतु सभावृत्त, तिजोरी आणि निर्णय ही तीन सूत्रे, ज्यांच्या मुलांचे भवितव्य पणास लागले आहे, त्यांच्या हाती ठेवावयाची, अशी ही योजना होती. १९०६ ते १९२४ या अठरा वर्षांत केवढे अंतर कापले गेले, ते या दोन मंडळांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या असता स्पष्ट होते.

सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरास माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. तेथे मुलांच्या जेवणाचा, कपड्यांचा आणि लेखनसाहित्याचा भार सभेने उचलला. तेथील विद्यार्थ्यांनी आपण होऊन 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालविले आणि मोफत वाचनालय काढले. ज्या वसतिगृहात मुलांना केवळ अन्न मिळते तेथून पोट भरलेली मुले बाहेर पडतात. ज्या वसतिगृहात काही चालविण्याची संधी मिळते तेथून उद्याचे चालक बाहेर पडतात. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले, त्याची पूर्वतयारी अशा लहान लहान वसतिगृहांत झाली होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

स्त्रीवर्गासंबंधीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. १८९६ मध्ये अण्णासाहेब कर्व्यांनी पुण्यास अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली, तेव्हा अध्यक्ष डॉ. रामकृष्णपंत भांडारकर होते. विधवा भगिनींचा कैवार पुरुषांनी घेतला होता आणि त्या काळी ते स्वाभाविकही होते. १९०९ मध्ये पुण्यास सेवासदन निघाले, तेव्हा मात्र अध्यक्षस्थानी रमाबाई रानडे होत्या. ज्या स्त्रीस घरात चोरून अक्षरे गिरवावी लागली, तीच स्त्री पुढे शेकडो भगिनींच्या शिक्षणसंस्थेच्या अग्रस्थानी बसली. साहाय्य घेणारा वर्ग साहाय्य देणाऱ्यांच्या पंक्तीस बसणे, हीच कोणत्याही साहाय्यक संस्थेच्या यशाची कसोटी होय.

कायद्यानेही या बाबतीत काही बंधने घातली आहेत. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याने संस्थेस घटना आणि नियामक मंडळ असणे आवश्यक ठरविले. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने, जो आज महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम या नावाने ओळखला जातो, हिशेबतपासणी बंधनकारक केली; विश्वस्तांत बदल झाल्यास नव्वद दिवसांच्या आत त्याची वर्दी धर्मादाय कार्यालयास द्यावी लागते. या तरतुदी हितकारकच आहेत. अनेक संस्थांचे कामकाज वर्षानुवर्षे कोर्टकचेरीत अडकते, ते बहुधा हा बदल अर्ज वेळेवर न दिल्यामुळे किंवा दोन गटांनी दोन अर्ज दिल्यामुळे. परंतु कायदा हिशेबातील पैसा तपासू शकतो. दारातून परत गेलेल्या मुलाची नोंद कोणत्याही तपासनिसास सापडत नाही. ती नोंद संचालकांनी आपल्या मनाशी ठेवावयाची असते.

या इतिहासावरून आपल्या ज्ञातीच्या विद्यार्थी साहाय्य निधीपुरते बोलावयाचे झाल्यास तीन गोष्टी विनयपूर्वक सुचवाव्याशा वाटतात. पहिली अशी की, देणगीची रक्कम आणि मंडळातील जागा यांचा संबंध तोडावा. देणगीदाराचा सत्कार अवश्य करावा, त्याचे नाव शिलेवर कोरावे. परंतु कारभारात तोच बसावा ज्यास महिन्यातून दोन सायंकाळी तरी मुलांत जाऊन बसण्याची सवड व आवड आहे. दुसरी अशी की, या निधीतून शिकून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी निदान दोघे, आणि त्यांत एक भगिनी, मंडळावर घ्यावयाची प्रथा पाडावी. अर्जाच्या वेळी हात कसे थरथरतात आणि मुलाखतीत वडिलांचे उत्पन्न सांगताना मान कशी खाली जाते, हे त्यांनी अनुभवलेले असते. अनुभवी संचालकांसही ते सांगून कळत नाही. तिसरी सूचना काहींना रुचणार नाही, तरी ती मांडणे कर्तव्य आहे. निधीतील काही भाग, मग तो कितीही अल्प असो, ज्ञातीबाहेरील गरजू विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावा. आपल्या पूर्वजांनी दुसऱ्यांच्या ओसरीवर अभ्यास केला, माधुकरीवर दिवस काढले, परक्यांच्या शिष्यवृत्तीवर पदव्या घेतल्या. ते ऋण ज्ञातीतल्या ज्ञातीत फिटणारे नाही.

ज्ञातीने ज्ञातीच्या मुलांसाठी काही करावे यात कमीपणा नाही. कोल्हापूरच्या वसतिगृहांनी महाराष्ट्रास किती माणसे दिली, हे आपण जाणतो. परंतु त्याच नगरीतील एका वसतिगृहाने दाराबाहेर काढलेला मुलगा पुढे 'कर्मवीर' झाला, हेही आपण विसरू नये. येत्या सर्वसाधारण सभेत संचालक मंडळाची निवडणूक व्हावयाची आहे. नावापुढे खूण करताना प्रत्येक सभासदाने स्वतःस एकच प्रश्न विचारावा : असा मुलगा उद्या आपल्या दाराशी आला तर हे गृहस्थ त्यास आत घेतील काय? ज्यांच्याविषयी उत्तर होकारार्थी येईल त्यांच्या हाती आपला निधी निर्धास्तपणे सोपवावा. सर्व ज्ञातिबंधुभगिनींच्या सहकार्याने आपले मंडळ या कसोटीस उतरो, हीच परमेश्वराजवळ प्रार्थना.