बुटक्या केळीची कुळकथा

परसात लावायला बसराई केळीइतकी सोयीची जात क्वचितच सापडेल. माणसाच्या उंचीपेक्षा फारशी वर न जाता ती निसवते, वाऱ्यात उंच केळींपेक्षा कमी मोडते आणि तिचा घड शिडीवाचून उतरवता येतो. जगभर ही जात ‘ड्वार्फ कॅव्हेंडिश’ या नावाने ओळखली जाते. या नावातला कॅव्हेंडिश हा एक इंग्रज उमराव. केळीचे कूळ मात्र आशियाई आणि त्याच्यापेक्षा हजारो वर्षे जुने.

आग्नेय आशियापासून न्यू गिनीपर्यंतच्या रानांत वाढणारी ‘मुसा अक्युमिनाटा’ ही बसराईची मूळ पूर्वज. रानकेळाच्या आत काळ्या, टणक बिया खच्चून भरलेल्या असतात आणि खाण्याजोगा गर नावापुरता. एखाद्या झाडाला परागसिंचनाशिवायच गर धरू लागला, माणसाने ते हेरले आणि त्याचे मुनवे काढून घराजवळ लावले. केळीची शेती सुरू झाली ती अशी. न्यू गिनीच्या डोंगराळ भागातील कुक या दलदलीच्या जागी सुमारे साडेसहा ते सात हजार वर्षांपूर्वीच्या केळीलागवडीचे पुरावे मिळाले आहेत. पुढे वेगवेगळ्या प्रकारांच्या संकरातून गुणसूत्रांचे तीन संच असलेल्या केळी निपजल्या. रानकेळीत गुणसूत्रे 22, तर बसराईत 33. तीन संचांची नीट वाटणी होत नाही, म्हणून बी धरत नाही. केळ कापल्यावर मधोमध दिसणारे बारीक काळे ठिपके या न धरलेल्या बियांचेच अवशेष आहेत. राजेळीच्या कुळात ‘मुसा बल्बिसियाना’ या दुसऱ्या रानकेळीचाही वाटा आहे. बसराईत तो नाही.

मराठीतले ‘केळ’ हे संस्कृत ‘कदली’वरून प्राकृताच्या वाटेने आले. रंभा आणि मोचा ही तिची आणखी दोन संस्कृत नावे. ‘मुसा’ या शास्त्रीय नावाचा संबंध अरबी ‘मौझ’शी जोडला जातो.

बीच नसल्यामुळे या केळीचा सारा प्रवास माणसाच्या हातून झाला. बुटकी केळी दक्षिण चीनमधून मॉरिशसला पोहोचली. 1829च्या सुमारास चार्ल्स टेल्फेअर यांनी तिथून काही रोपे इंग्लंडला धाडली. त्यांपैकी एक डर्बीशरमधील चॅट्सवर्थ येथे, डेव्हनशरचे सहावे ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश यांच्या बागेत आले. त्यांचे मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी ते काचघरात, भरपूर खत-पाणी आणि ऊब देऊन वाढवले. नोव्हेंबर 1835मध्ये ते निसवले, पुढच्या वर्षी त्याला शंभरावर केळी लागली आणि पॅक्स्टन यांना लंडनच्या उद्यानसंस्थेचे पदक मिळाले. मालकाच्या सन्मानार्थ त्यांनी या केळीला ‘मुसा कॅव्हेंडिशी’ असे नाव दिले. मॉरिशसच्या बागांनी सांभाळलेल्या चिनी केळीवर अशी काचघराच्या धन्याच्या नावाची मोहोर उठली, आणि आजही तीच चालते.

चॅट्सवर्थची रोपे मिशनरी जॉन विल्यम्स यांनी 1830च्या दशकाच्या अखेरीस सामोआ बेटांवर नेली. लांबच्या समुद्रप्रवासात एकच रोप तगले. त्याच्या मुनव्यांतून बुटकी केळी टोंगा आणि फिजीपर्यंत पसरली. पण मुनव्याबरोबर रोगही जातो. केळीच्या पर्णगुच्छ रोगाची पहिली नोंद फिजीत 1889 सालची आहे. 1913च्या सुमारास तो ऑस्ट्रेलिया आणि श्रीलंकेत दिसला आणि 1940मध्ये केरळात. काळा मावा हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. समुद्र ओलांडून तो गेला तो रोगट मुनव्यांबरोबर.

व्यापारात कॅव्हेंडिश कूळ पुढे आले ते 1950 नंतर. तोवर निर्यातीची केळी म्हणजे ‘ग्रो मिशेल’. जमिनीतल्या बुरशीने होणाऱ्या पनामा मर रोगाने मध्य अमेरिकेतले तिचे मळे उद्ध्वस्त केले. त्या बुरशीला दाद न देणारी कॅव्हेंडिश केळी तिच्या जागी आली. आता त्याच बुरशीचा ‘टीआर4’ हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. एकाच झाडाच्या फुटव्यांवर जग विसंबले की असे होणारच.

जळगावच्या मळ्यांत बसराई आणि श्रीमंती या कॅव्हेंडिश कुळातल्या केळी वर्षानुवर्षे मुनव्यांवर चालत आल्या. जून-जुलैच्या लागवडीला तिथे मृगबाग म्हणतात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या लागवडीला कांदेबाग. ऊतिसंवर्धित रोपांबरोबर ‘ग्रँड नैन’चा जोर वाढला. या फ्रेंच नावाचा अर्थ ‘मोठी बुटकी’. ती बसराईहून उंच, म्हणून लहान परसाला बसराईच बरी.

घरी लावताना या कुळकथेचा उपयोग होतो, कारण मुनवा निवडणे म्हणजे अख्खे कूळ निवडणे. तलवारीसारखी अरुंद पाने आणि बुडाशी जाड कंद असलेला मुनवा घ्यावा. लहानपणीच रुंद पाने फुटलेले पाणमुनवे दिसायला टवटवीत असतात, पण आईच्या कंदाशी त्यांची जोड कच्ची असते आणि घड हलका येतो. ज्या बुंध्याची पाने आखूड, उभी आणि शेंड्याशी गुच्छ झालेली दिसतात, त्याचा मुनवा कितीही आग्रहाने मिळाला तरी घेऊ नये. उगमाची खात्री नसेल तर ऊतिसंवर्धित रोप घ्यावे.

दोन झाडांत पाच फूट अंतर, भरपूर ऊन, शेणखत आणि पाण्याचा निचरा एवढे तिला पुरते. मुळे उथळ असल्याने पाणी थोडे पण वारंवार द्यावे. केळीचे खोड म्हणजे एकावर एक गुंडाळलेली पानांची सोपटे. खरे खोड जमिनीतला कंद. त्यातून केळफूल सोपटांच्या मधून वर चढते आणि निसवते. कडाक्याच्या थंडीत बुटक्या केळीचे फूल गळ्याशीच अडकते, म्हणून थंड भागात निसवण हिवाळ्यात येणार नाही अशा बेताने लागवड करावी. घड उतरला की तो बुंधा मरतो. तोवर त्याच्याजवळ एकच सशक्त मुनवा राखावा आणि बाकीचे काढत राहावे. पुढचा घड त्या राखलेल्या मुनव्यालाच लागतो.