हिरव्या टोपीनंतरचे दोन दिवस

बास्केटबॉल संघाचा कारभार पाहणाऱ्या माणसाला आजच्या विजयात रमून चालत नाही. त्याला दोन वर्षांनंतरचा संघ आज उभा करायचा असतो. रेड ऑरबॅक यांच्याइतकं हे काम कुणालाच जमलं नाही. १९५० ते १९६६ या काळात प्रशिक्षक म्हणून त्यांनी एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमधल्या बॉस्टन सेल्टिक्सला नऊ विजेतेपदं मिळवून दिली आणि पुढे कार्यालयातून संघ घडवला. १९५६ मध्ये दोन खेळाडू देऊन त्यांनी बिल रसेलला मिळवलं. लॅरी बर्ड अजून वर्षभर कॉलेजातच खेळणार हे माहीत असूनही १९७८ मध्येच त्याला निवडून ठेवलं. १९८० मध्ये एकाच सौद्यात रॉबर्ट पॅरिश आणि केविन मॅकहेल पदरात पाडून घेतले. अशा माणसाने आखलेली सर्वांत दूरदर्शी योजना दोन दिवसांत कशी कोसळली, त्याचा हा घटनाक्रम.

ऑक्टोबर १९८४. वीस महिने आधी

सेल्टिक्स नुकतेच विजेते ठरले आहेत. अंतिम मालिकेतल्या दुसऱ्या सामन्यात शेवटच्या काही सेकंदांत प्रतिस्पर्धी लेकर्सचा पास मध्येच पळवून जेराल्ड हेंडरसनने बरोबरी साधली होती. त्या एका झेपेने मालिका हातातून निसटता निसटता वाचली. त्याच हेंडरसनला ऑरबॅक सिॲटल सुपरसॉनिक्सकडे पाठवतात. बदल्यात त्यांना हवा असतो सिॲटलचा १९८६ सालचा, पहिल्या फेरीत नवा खेळाडू निवडण्याचा हक्क. सिॲटलचा संघ घसरणार आणि, हरणाऱ्या संघांना नवे खेळाडू आधी निवडता येत असल्याने, हा हक्क मोलाचा ठरणार, हा त्यांचा अंदाज. तो खरा ठरतो. १९८५-८६ च्या हंगामात सिॲटल ८२ पैकी ५१ सामने हरतो आणि सोडतीत बॉस्टनच्या वाट्याला दुसरा क्रमांक येतो.

८ जून १९८६. अकरा दिवस आधी

ह्यूस्टनला हरवून सेल्टिक्स सोळाव्यांदा विजेते. हंगामात ८२ पैकी ६७ विजय, घरच्या मैदानांवर ४१ पैकी ४०. पण पॅरिश ३२ वर्षांचा आहे, बर्ड २९ चा, मॅकहेल २८ चा. यांच्यानंतर कोण, हा प्रश्न विजयाच्या मिरवणुकीतही ऑरबॅक यांच्या डोक्यात आहे आणि उत्तरही तयार आहे.

१७ जून, दुपार. उरले चाळीसहून अधिक तास

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन संकुलातलं फेल्ट फोरम. एनबीएचे संघ इथे नवे खेळाडू निवडत आहेत. क्लीव्हलँड पहिला क्रमांक वापरून ब्रॅड डॉर्टीला घेतं. मग आयुक्त डेव्हिड स्टर्न दुसरं नाव पुकारतात: लेन बायस, मेरीलँड विद्यापीठ.

सहा फूट आठ इंच उंचीचा हा २२ वर्षांचा तरुण वॉशिंग्टनजवळच्या लँडोव्हरचा. सलग दोन वर्षं तो आपल्या विभागातला सर्वोत्तम खेळाडू ठरला आहे. फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलायनाच्या नव्या मैदानावर त्याने ३५ गुण केले आणि यजमानांना तिथला पहिला पराभव दाखवला. ऑरबॅक स्वतः वॉशिंग्टनला राहतात. या मुलाला ते काही वर्षांपासून ओळखतात.

बायस सेल्टिक्सची हिरवी टोपी चढवतो आणि हसतो. छायाचित्रकार गर्दी करतात.

१८ जून, दिवसभर. उरले चोवीस तासांहून कमी

वडिलांसोबत बॉस्टन. संघाच्या लोकांशी भेटी, पत्रकार, मग रीबॉक कंपनीशी बुटांच्या कराराची बोलणी. प्रत्येकाकडे त्याच्यासाठी एक आराखडा आहे. संघाने त्याची पुढची दहा वर्षं पाहिली आहेत, कंपनीने पाच. या आराखड्यांमध्ये काही वाईट नाही. पण आजची रात्र त्यांतल्या एकातही नाही.

१८ जून, रात्री ११ च्या सुमारास. उरले दहा तास

मेरीलँडला परतल्यावर बायस विद्यापीठाच्या आवारातल्या वॉशिंग्टन हॉल या वसतिगृहात येतो. जुने सोबती जमले आहेत. समोर खेकडे आहेत, मेरीलँडमधली अगदी घरोघरची मेजवानी. कवच फोडत, बोटं चाटत गप्पा रंगतात. उद्यापासून कोट्यधीश होणारा मुलगा आज मित्रांमध्ये बसून जेवतो आहे.

१९ जून, पहाटे २. उरले सात तास

तो गाडी घेऊन बाहेर पडतो. आवाराबाहेर एका घरी जमलेल्या लोकांत थोडा वेळ थांबून ३ च्या सुमारास खोलीवर परततो. मग तो आणि मित्र कोकेन घेतात.

निवडीआधीच्या चाचण्यांत त्याच्या शरीरात अमली पदार्थ आढळले नव्हते. उडी, वेग, नेम, रक्तदाब, सारं तपासून झालं होतं. एवढं यश एकदम अंगावर आलं की पहाटे तीन वाजता हा मुलगा काय करेल, हे तपासणारी चाचणी नव्हती. आणि त्या वेळी त्याच्यासोबत थांबणं हे कुणाचंच काम नव्हतं.

सकाळी ६.३२. उरले २ तास २३ मिनिटं

बोलता बोलता बायसला झटका येतो आणि तो कोसळतो. एक मित्र आपत्कालीन सेवेला फोन लावतो. हा लेन बायस आहे, याला वाचवा, अशी विनवणी करतो. मदत येते तेव्हा श्वास थांबलेला असतो. रिव्हरडेलच्या लीलँड मेमोरियल रुग्णालयात डॉक्टर हृदय पुन्हा चालू करण्याची शिकस्त करतात.

सकाळी ८.५५

लेन बायस मृत घोषित. कोकेनमुळे हृदयाची लय बिघडल्याचं शवविच्छेदनात निष्पन्न होतं. सेल्टिक्ससाठी तो एकही सामना खेळला नाही.

त्यानंतर

सेल्टिक्सला पुढचं विजेतेपद २००८ मध्ये मिळालं. ते पाहायला ऑरबॅक नव्हते, २००६ मध्ये त्यांचं निधन झालं होतं. पण संघाचं नुकसान भरून निघतं. खरी दुसरी आपत्ती वॉशिंग्टनमध्ये घडली. बायसने क्रॅक, म्हणजे खड्यांच्या रूपातलं ओढायचं कोकेन, घेतल्याची अफवा पसरली, प्रत्यक्षात ती कोकेनची भुकटी होती. बॉस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्सचे टिप ओ'नील तेव्हा प्रतिनिधिगृहाचे सभापती होते. निवडणुकीच्या वर्षात त्यांनी अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्याची घाई केली. मृत्यूनंतर १३० दिवसांनी, २७ ऑक्टोबरला, अध्यक्ष रेगन यांनी सही केली. पाच ग्रॅम क्रॅकला किमान पाच वर्षं तुरुंगवास. भुकटीसाठी तेवढीच शिक्षा व्हायला पाचशे ग्रॅम लागत. या तफावतीचा सर्वाधिक फटका बायससारख्याच कृष्णवर्णीय तरुणांना बसला. १०० ला १ हे प्रमाण १८ ला १ वर यायला २०१० उजाडलं.

त्याच १९८६ साली एनबीएने नवोदित खेळाडूंसाठी एक प्रशिक्षण सुरू केलं. अचानक आलेला पैसा, नशा, एकटेपणा, भोवती जमणारी माणसं, यांच्याशी कसं वागायचं हे खेळाडूला पहिल्या सामन्याआधी सांगणारं. त्याची बातमी कायद्याइतकी मोठी झाली नाही. पण योग्य उत्तर तेच होतं. बायसला शिक्षेची भीती दाखवणारं कुणी नव्हतं म्हणून तो गेला नाही. त्याच्या उद्यावर सर्वांनी बोली लावली आणि त्या रात्रीची जबाबदारी कुणीच घेतली नाही, म्हणून तो गेला. तरुण खेळाडू निवडणाऱ्या प्रत्येक संघाने करारावरची सही घेतानाच ही जबाबदारीही स्वीकारली पाहिजे.