भोंग्यावर चालणारा संसार

नवऱ्याची झोप, जेवण, दारू यांचा भार बायकोच्या मनावर येतो, आणि तिची उदासी उलटून त्याच्यावर. हे खरेच, पण सवयी माणूस स्वतः निवडतो हे गृहीतक मुंबईच्या गिरणगावात टिकत नाही. 1854 मध्ये कावसजी दावरांनी कापडगिरणीचा पाया घातला. पुढे रत्नागिरी-साताऱ्याचे गडी मुंबईत आले आणि बायका बहुधा गावी शेत राखत राहिल्या. गडी खानावळीत जेवायचा, पाळीवर गेलेल्याच्या जागेत वळकटी पसरायचा. जोडप्याची गाठ पडायची ती गणपती-शिमग्याला.

बिऱ्हाड आणले की प्रश्न सुटत असेल, असे कोणी म्हणेल. पण एकाच खोलीत रात्रपाळीचा नवरा दिवसा झोपलेला, आणि भांडे वाजू न देता, पोरांना गॅलरीत गप्प बसवत रांधणारी बायको, म्हणजे दोघांनाही उसंत नाहीच. दारू तरी त्याचाच दोष ना? काही अंशी. पण 1949 च्या दारूबंदी कायद्यानंतरही हातभट्टी चालूच राहिली, कारण पाळ्या तशाच होत्या. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरणीचा भोंगा थांबला, कित्येक घरांत बायको धुण्याभांड्यांना जाऊ लागली आणि नवरा दिवसभर घरी बसून राहिला.