पावलं मोजणाऱ्या बायका आणि आपला ओटा

नव्या फ्लॅटचा नकाशा हातात आला की घरची मंडळी आधी हॉल बघतात, मग बेडरूमा बघतात आणि स्वयंपाकघरापाशी येऊन अडतात. शेगडी आग्नेयेलाच हवी, असा एकाचा आग्रह असतो. सिंक खिडकीखाली हवं, असं दुसरीचं म्हणणं असतं. फ्रिजचं दार भिंतीला आपटेल की नाही, याचा अंदाज मात्र कोणालाच येत नाही. ट्रॉल्यांचं माप घ्यायला आलेला सुतार टेप काढण्याआधी सवयीनं तीन गोष्टी विचारतो : शेगडी कुठे, सिंक कुठे, फ्रिज कुठे? हा प्रश्न त्याच्या अंगवळणी पडलेला असतो, पण त्यामागे दीडशे वर्षांचं कूळ आहे. त्या कुळातली बहुतेक मोठी नावं बायकांची आहेत.

मूळपुरुष म्हणावा तर ती एक शिक्षिका होती. अमेरिकेच्या कॅथरिन बीचर यांनी १८६९ साली आपली बहीण हॅरिएट बीचर स्टो यांच्याबरोबर ‘द अमेरिकन वूमन्स होम’ हे पुस्तक काढलं. ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिणाऱ्या त्याच या हॅरिएट. घरात नोकरचाकर नसतील आणि गृहिणीलाच सगळं करायचं असेल, तर स्वयंपाकघर कसं असावं, हा पुस्तकातला एक विषय. उत्तरासाठी कॅथरिनबाईंनी आगबोटीकडे बोट दाखवलं. बोटीवरचा आचारी दोनशे माणसांचं जेवण एवढ्याशा जागेत रांधतो आणि त्याला हवी ती वस्तू एक-दोन पावलांत मिळते. मग घरातल्या बाईनंच कोठीतून चुलीकडे, चुलीतून पाण्याकडे दिवसभर का फिरायचं? त्यांच्या आराखड्यात खिडकीखाली सलग फळी आहे, पिठाचं पिंप हाताशी आहे, भांडी घासायची जागा शेजारीच आहे. उष्णता आणि वास बाहेर येऊ नये म्हणून चूल सरकत्या दारापलीकडे वेगळी ठेवली आहे. आजचा ओटा त्या चित्रात ओळखू येतो.

पुढची पिढी कारखान्यातून आली. फ्रेडरिक टेलर यांचं शास्त्रीय व्यवस्थापनावरचं पुस्तक १९११चं. मजुराची प्रत्येक हालचाल घड्याळ लावून मोजायची आणि फुकट जाणारी काढून टाकायची, हा त्यांचा मार्ग. फ्रँक गिलब्रेथ यांनी गवंडीकामात एक वीट बसवायच्या अठरा हालचाली पाचांवर आणल्याचं उदाहरण त्याच पुस्तकात आहे. न्यूयॉर्कजवळच्या ख्रिस्तीन फ्रेडरिक या गृहिणीनं हे सगळं ऐकलं आणि तिच्या मनात साधा प्रश्न आला : विटांना हे लागू होतं, तर ताटल्यांना का नाही? १९१२ साली ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकात तिची लेखमाला आली. त्या विषयावरच्या तिच्या लेखनात दोन नकाशे शेजारी शेजारी ठेवलेले दिसतात. एका नकाशात सामान जिथे जागा मिळेल तिथे ठेवलेलं, आणि बाईच्या येण्याजाण्याच्या रेघांचं नुसतं जाळं झालेलं. दुसऱ्यात कामांच्या दोन साखळ्या आहेत. जिन्नस काढणं, चिरणं-मळणं, शिजवणं, वाढणं ही पहिली. ताटं उचलणं, खरकटं काढणं, घासणं, जागेवर लावणं ही दुसरी. साखळीच्या क्रमानंच सामान मांडलं, तर रेघा एकमेकींना छेदत नाहीत. स्वयंपाकघराच्या मांडणीबद्दल आजवर जे काही सांगितलं गेलं, त्यातली ही सर्वांत कामाची गोष्ट आहे. शेगडी, सिंक आणि फ्रिज यांचा पुढचा त्रिकोणही तिच्यातूनच निघाला.

ख्रिस्तीन फ्रेडरिक यांचं या विषयावरचं पुस्तक जर्मनीत पोचलं, तेव्हा पहिलं महायुद्ध हरलेल्या त्या देशात घरांची भयंकर टंचाई होती. फ्रँकफुर्ट शहरानं अर्न्स्ट माय या वास्तुविशारदाकडे हजारो स्वस्त घरं बांधण्याचं काम सोपवलं होतं. १९२६ साली त्यांनी व्हिएन्नाहून मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की यांना बोलावून घेतलं. वय २९, शिक्षण वास्तुशास्त्राचं. एका बाईच्या दिवसभराच्या कामाची स्टॉपवॉचवर नोंद करून त्यांनी जे स्वयंपाकघर आखलं, ते साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होतं. म्हणजे आपल्या हिशेबात जेमतेम सत्तर चौरस फूट. त्यांनी नमुना म्हणून डोळ्यांसमोर ठेवला होता आगगाडीच्या डायनिंग कारमधला मुदपाकखाना. बीचर यांना आगबोट दिसली, यांना आगगाडी. जागा विकत मिळत नाही अशा ठिकाणी आचारी काय करतो, तेच दोघींनी पाहिलं. पुण्या-मुंबईच्या ज्या वाचकानं डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारमध्ये एकदा तरी चहा घेतला आहे, त्याला यातली खुबी समजावून सांगायला नको.

त्या खोलीतला एकेक तपशील बघण्यासारखा आहे. खिडकीखाली कामाचं टेबल आणि बसून चिरायला फिरतं स्टूल. टेबलालाच एक खाच, सालं त्यातून थेट खालच्या कप्प्यात पडावीत म्हणून. भिंतीत ओळीनं ॲल्युमिनियमचे छोटे खण, प्रत्येकाला मूठ आणि पुढे ओतायची चोच, वर जिन्नसाचं नाव. पिठाचे खण ओक लाकडाचे, कारण त्याला कीड लवकर धरत नाही. कामाचा पृष्ठभाग बीचच्या लाकडाचा, कारण त्यावर डाग आणि सुरीचे ओरखडे कमी उठतात. इस्त्रीची फळी भिंतीला मिटणारी. अर्धवट उकळलेलं पातेलं आत ठेवलं की स्वतःच्याच उष्णतेवर शिजत राहील अशी पेटी. रंग निळसर हिरवा, कारण त्यावर माशा बसत नाहीत असा त्या काळचा समज होता. आणि सरकतं दार उघडलं की बैठकीच्या खोलीत खेळणारी मुलं नजरेत राहायची. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींत बसवली गेली. इतक्या मोठ्या संख्येनं एकाच मापाचं, घराबरोबरच बांधून दिलेलं स्वयंपाकघर तोवर कुठे झालं नव्हतं.

लोक राहायला गेले आणि उणिवा दिसू लागल्या. नावं लिहिलेल्या खणांत लोक भलतंच भरू लागले. खालचे खण लहान मुलांच्या हाताला लागायचे. सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे तिथे दुसरं माणूस उभंच राहू शकत नसे. सासू-सून, आई-लेक, नवरा-बायको, कोणतीही जोडी तिथे मावणारी नव्हती. बाईचे कष्ट वाचावेत म्हणून जे आखलं, त्यानंच तिला एका अरुंद खोलीत एकटं पाडलं, ही टीका पुढे स्त्रीवादी अभ्यासकांनी केली आणि ती रास्त आहे. शुटे-लिहोट्स्की यांनी स्वतःच नंतर सांगून टाकलं होतं, की हे आखण्याआधी त्यांनी कधी स्वयंपाक केला नव्हता आणि घरही चालवलं नव्हतं. म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही. पुढे नाझींविरुद्धच्या लढ्यात त्या पकडल्या गेल्या, १९४१ ते १९४५ तुरुंगात राहिल्या, आणि २००० साली, वयाची १०३ वर्षं पुरी व्हायला पाच दिवस असताना गेल्या. पण घड्याळानं वेळ कळतो, सोबत कळत नाही, हे त्यांच्या खोलीनं दाखवून दिलं.

अमेरिकेत लिलियन गिलब्रेथ यांनी तोच धागा पुढे नेला. विटांचा हिशेब करणारे फ्रँक त्यांचे पती. १९२४ साली ते अचानक गेले. पदरी मुलं, आणि बाई अभियंत्याला काम द्यायला कारखाने तयार नाहीत. लिलियन स्वयंपाकघराकडे वळल्या. १९२९ साली ब्रुकलिनच्या गॅस कंपनीसाठी त्यांनी आदर्श स्वयंपाकघर मांडून दाखवलं. पुढे न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रसंस्थेसाठी केलेल्या मांडणीत स्ट्रॉबेरी शॉर्टकेक करायला लागणारी पावलं २८१वरून ४५वर आली. पायानं उघडणारा कचऱ्याचा डबा आणि फ्रिजच्या दारातले कप्पे यांचं श्रेयही त्यांना दिलं जातं.

दुसऱ्या महायुद्धानंतर इलिनॉय विद्यापीठाच्या लहान घरांवर संशोधन करणाऱ्या मंडळानं या सगळ्याला नियमाचं रूप दिलं. शेगडी, सिंक आणि फ्रिज ही तीन टोकं जोडली की त्रिकोण होतो. त्याची प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट असावी आणि तिन्ही बाजूंची बेरीज २६ फुटांच्या वर जाऊ नये. सुताराच्या तोंडी असलेला प्रश्न हाच.

महाराष्ट्रात मात्र हा त्रिकोण फार उशिरा आला, कारण इथला स्वयंपाक बसून होत होता. चुलीपुढे पाटावर बसलेल्या बाईला पावलं मोजायची गरजच नव्हती, तिचं मोजमाप हाताच्या पल्ल्याचं. चुलीला जोडून वैल, म्हणजे वाया जाणाऱ्या धगीवर आमटी रटरटत राहायची. हाताशी मिसळणाचा डबा, समोर काठवट, पायाखाली विळी, भिंतीतल्या देवळीत मिठाची बरणी, वर शिंक्यात दूध-दही. बीचरबाईंच्या आचाऱ्याला एक-दोन पावलं तरी टाकावी लागत, इथे तीही नाहीत. पण दळण माजघरात, पाणी विहिरीवर, भांडी परसात. बसल्या जागी वाचलेले श्रम तिथे चौपटीनं वसूल होत.

आणि इथल्या मांडणीमागे श्रमापेक्षा वेगळाच एक हिशेब होता. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरांत चुलीपर्यंत कोणी यायचं, पिण्याच्या पाण्याला कोणी हात लावायचा, हे जातीवरून आणि मासिक पाळीवरून ठरत असे. स्वयंपाकघर घरात सर्वांत आत असण्यामागे तेही एक कारण होतं. ‘जुनी स्वयंपाकघरं शास्त्रशुद्ध होती’ असं कौतुक करताना हा भाग सोडून देता येणार नाही. मुंबईच्या बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत असले विभाग करायला जागाच नव्हती. रांधणं, जेवणं, झोपणं एकाच ठिकाणी.

‘ओटा’ हा शब्दही आधी घराबाहेरचा. दारापुढे बसायला किंवा झाडाच्या पाराला केलेली उंच बैठक म्हणजे ओटा. तो आत आला आणि स्वयंपाकघराचा झाला, याला रॉकेलचा स्टोव्ह, नळाचं पाणी आणि मुख्यतः गॅस कारणीभूत आहे. बर्मा-शेल कंपनीचा बर्शेन गॅस पन्नाशीच्या दशकात मुंबईत आला, १९६५ साली कलकत्त्यातून इंडेनची सुरुवात झाली. सिलिंडर उभाच ठेवायचा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचीवर, हा सुरक्षेचा नियम. मग शेगडी जमिनीवर कशी राहणार? कडाप्प्याची काळी लादी उभ्या आधारांवर टाकली, खाली १४.२ किलोचा सिलिंडर, वर शेगडी, टोकाला सिंक. बसलेली बाई उभी राहिली. शतकानुशतकांची सवय एका पिढीत बदलली, आणि हे स्थित्यंतर जितकं मोठं होतं तितकं त्याच्याबद्दल लिहिलं गेलेलं नाही. गुडघ्यांचे हाल थोडे कमी झाले, टाचांचे सुरू झाले.

आता पाइपचा गॅस आला, ओट्याखालची सिलिंडरची जागा मोकळी झाली आणि तिथे ट्रॉल्या सरकल्या. पण जागा तेवढीच. जेवणाची जागा वेगळी असेल, तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर आणि रुंदीला १.८ मीटर असावं, असं आपली राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. फ्रँकफुर्टच्या त्या अरुंद खोलीपेक्षाही ही रुंदी दहा सेंटिमीटर कमी आहे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी टंचाईपोटी केलेली तडजोड इथे किमान माप होऊन बसली आहे. या रुंदीत समोरासमोर दोन ओटे टाकले, तर मधे दोघांना एकमेकांना ओलांडून जाता येत नाही. तिथे एका बाजूनंच सलग ओटा घेणं किंवा एल आकार करणं बरं.

त्रिकोणाची तीन टोकंही मराठी स्वयंपाकाला पुरत नाहीत. सकाळच्या डब्याच्या घाईत बाई फ्रिजकडे एकदाच जाते, पण पिठाचा डबा, पोळपाट, तवा आणि मिक्सर यांच्यात ती कितीतरी वेळा फिरते. म्हणून शेगडीच्या शेजारी दीड-दोन हात मोकळा ओटा आणि त्याच्या वर किंवा खाली कणकेचा डबा, हे फ्रिजच्या जागेहून महत्त्वाचं. मिक्सरचा प्लग सिंकला लागून नको. उंचीचंही तसंच. अमेरिकेत ३६ इंचांचा ओटा रूढ आहे, तो त्यांच्या कामाला ठीक. पोळी लाटताना जोर खाली द्यावा लागतो आणि पोळपाटाचीच उंची वर चढते. कोपर दुमडून उभं राहिल्यावर त्याच्या चार ते सहा इंच खाली कामाची पातळी यायला हवी, आणि लाटण्यासाठी त्याहून थोडी खाली. घरात उंच मुलगा आणि बुटकी आजी दोघंही रांधत असतील, तर ओट्याचा एक तुकडा खालच्या पातळीवर घेतला तरी चालतो. आग्नेयेचा आग्रह असेल तर शेगडी आधी तिथे ठरवावी आणि बाकीचं तिच्याभोवती बसवावं. सगळं बांधून झाल्यावर शेगडी हलवायला निघालं, की पूर्ण साखळीच तुटते.

नवं घर घेणाऱ्यांना म्हणून एवढंच सांगणं आहे. कडाप्पा किंवा ग्रॅनाइट बसण्याआधी, मोकळ्या खोलीत जमिनीवर खडूनं ओटा, सिंक, शेगडी आणि फ्रिज आखा. मग घरात जे कोणी रोज रांधतं, त्या सगळ्यांना एकाच वेळी त्या रेघांत उभं करा आणि एका सकाळची पोळीभाजी, चहा आणि दोन डबे रिकाम्या हातांनी करून बघायला सांगा. पावलं मोजा, कोण कोणाला अडतं ते बघा, आणि तो खडूचा नकाशा पुसण्याआधी सुताराला दाखवा.