द्विध्रुवी मनोविकार, त्यावरील औषधे आणि आकडी

द्विध्रुवी मनोविकार म्हणजे बायपोलर डिसऑर्डर. या आजारात उन्माद आणि खिन्नता यांचे कालखंड येत-जात राहतात. आकडी (फिट) ही मेंदूतील विद्युत्-क्रिया एकाएकी बेताल झाल्याने येते. ती उघड कारणावाचून पुन्हा पुन्हा येऊ लागली, की त्या आजाराला अपस्मार म्हणतात. अपस्माराच्या रुग्णांत द्विध्रुवी विकार इतरांपेक्षा अधिक आढळतो, तरी हे दोन आजार वेगळेच आहेत. त्यांना जवळ आणले ते औषधांनी.

व्हॅल्प्रोइक आम्ल १८८२ मध्ये तयार झाले आणि पुढे कित्येक वर्षे केवळ द्रावक म्हणून वापरले गेले. १९६२ मध्ये फ्रान्समधील ग्रनोबल येथे पिएर एमार काही नव्या संयुगांची चाचणी घेत होते. या आम्लात कोणतेही संयुग विरघळवले तरी प्राण्यांची आकडी थांबे. गुण संयुगांचा नव्हता, द्रावकाचा होता. त्याच दशकात फ्रान्समध्येच या आम्लाच्या गटातील औषधाचा उन्मादावरील उपयोग दिसून आला. कार्बामाझेपिन आणि लॅमोट्रिजिन हीदेखील आधी अपस्माराची औषधे होती. लॅमोट्रिजिन मुख्यतः खिन्नता परतू नये म्हणून देतात. चढलेला उन्माद ते उतरवत नाही.

एकच औषध दोन्ही आजारांवर का चालते, याचे एक स्पष्टीकरण सुचवले गेले. उंदरांच्या मेंदूला वारंवार सौम्य विद्युत्-उद्दीपन दिल्यास पुढे तेवढ्यानेच आकडी येऊ लागते, असे ग्रॅहम गोडार्ड यांनी १९६०च्या दशकात दाखवले. मनोविकाराचा प्रत्येक कालखंडही असाच पुढच्याची वाट सोपी करतो, अशी कल्पना रॉबर्ट पोस्ट यांनी मांडली. ती आजही अनुमानच आहे. गॅबापेंटिन आणि टोपिरामेट ही आकडीवरची औषधे उन्मादावर निष्प्रभ ठरली, हे येथे विसरता येत नाही. लेव्हेटिरासिटाम या आकडीवरच्याच औषधाने तर काहींची चिडचीड वाढते.

उलट, मनोविकाराच्या काही औषधांनी आकडी येऊ शकते. क्लोझापिन आणि ब्युप्रोपिऑन यांचा हा धोका मात्रेबरोबर वाढतो. द्विध्रुवी विकारावरील लिथियम या औषधाची रक्तपातळी बहुधा ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर राखतात. उपयुक्त आणि विषारी पातळीत अंतर फार थोडे असते. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घेतली, तर ती पातळी चढते. हात जास्त थरथरणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे ही आधीची लक्षणे. त्यांकडे दुर्लक्ष झाल्यास पुढे आकडी आणि बेशुद्धी येऊ शकते. कार्बामाझेपिनने रक्तातील सोडियम फार घटले, तर आकडी थांबवणारे हेच औषध आकडीचे निमित्त होते.

गर्भावस्थेत व्हॅल्प्रोएटमुळे (व्हॅल्प्रोइक आम्लाच्या औषधामुळे) बाळात व्यंग आणि बौद्धिक विकासात अडथळे येण्याचा मोठा धोका असतो. त्यामुळे मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना ते शक्यतो देऊ नये.

सर्वांत टाळता येण्याजोगा धोका औषध एकदम सोडण्याचा आहे. दीर्घकाळ घेतलेले क्लोनाझेपाम किंवा लोराझेपाम हे शामक औषध अचानक थांबवल्यास पूर्वी कधीही आकडी न आलेल्या माणसालाही ती येऊ शकते. लिथियम तोडल्यास उन्माद उलटतो. व्हॅल्प्रोएट ही ‘फिटची गोळी’ आहे आणि आपल्याला फिट येत नाही, हे ती बंद करण्याचे कारण नव्हे. मात्रा कमी करायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.