मृत्यूचें नांव

लंडन शहरांत इ. स. १६३२ सालीं जीं माणसें मरण पावलीं त्यांचें छापील पत्रक अद्यापि उपलब्ध आहे. त्यावरून पाहतां त्या वर्षीं क्षयानें १,७९७, वार्धक्यानें ६२८ आणि दांतांनीं ४७० जीव गेले. अकरा जण दुःखानें मेले व एक जण केवळ भेदरून मेला. आज हें पत्रक वाचणाऱ्यास हसूं आल्याशिवाय राहत नाहीं. पण त्या दांतांचा उलगडा अवघड नाहीं. दांत येण्याच्या वयांत जें मूल दगावे तें दांतांनींच नेलें, अशी त्या काळची समजूत होती. खरा रोग कोणता हें पाहण्याचें साधन कोणापाशींच नव्हतें. शिवाय हसणाऱ्यानें आपल्या घरच्या वर्तमानपत्रांतील निधनवार्ता एकवार डोळ्यांखालून घालाव्या. "हृदयक्रिया बंद पडून" निधन झाल्याचें त्यांत वर्षानुवर्षें छापलें गेलें आहे. आणि हृदयक्रिया बंद न पडतां मेलेला मनुष्य अद्याप कोणीं पाहिलेला नाहीं!

लंडनचीं हीं पत्रकें तयार होण्याची रीत मोठी मौजेची होती. कोणी मेलें कीं चर्चची घंटा वाजे, आणि चर्चच्या हद्दीपुरत्या नेमलेल्या म्हाताऱ्या बायका प्रेत पाहावयास येत. त्या बहुधा चर्चच्या धर्मादायावर जगणाऱ्या असत. वैद्यकाचा त्यांना गंधहि नसे. त्या जें कारण सांगत तें चर्चचा कारकून टिपून घेई. मंगळवारीं रात्रीं सारीं टिपणें एके ठिकाणीं जमा होत, बुधवारीं छापलीं जात आणि गुरुवारीं, वर्षाला चार शिलिंग वर्गणी भरणाऱ्यांच्या हातीं पडत. वर्गणीदारांना त्यांचा मुख्य उपयोग एवढाच कीं, प्लेगचे आंकडे चढूं लागले म्हणजे गांव केव्हां सोडावें हें कळे.

या रद्दींतून शास्त्र निर्माण करण्याचें श्रेय एका दुकानदाराकडे जातें. जॉन ग्राँट हा फिती, बटणें असला किरकोळ माल विकणारा गृहस्थ. त्यानें कित्येक वर्षांचीं पत्रकें पुढें ओढून त्यांचा ताळा पाहिला आणि १६६२ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील एक निष्कर्ष फार मार्मिक आहे. फिरंगरोगानें मेलेल्यांची नोंद जवळजवळ दोनच वस्त्यांतून येते, बाकीच्या सर्व शहरांत तो रोग जणूं नाहींच, असें त्याला दिसलें. शहर तर त्या रोगानें भरलेलें होतें. मग हे मृत्यु गेले कोठें? ग्राँटचें उत्तर असें कीं, ते क्षयाच्या रकान्यांत गेले. म्हाताऱ्यांना थोडी बिअर पाजली आणि दुप्पट दक्षिणा दिली कीं खंगून मेलेला कोणताहि मनुष्य क्षयानेंच मेलेला ठरे. कुटुंबाची अब्रू वांचे. आंकडा मात्र खोटा होई. रोगांच्या यादींत केवळ रोगच मोजले जातात असें नाहीं, हें प्रथम या दुकानदाराच्या ध्यानांत आलें.

त्यानंतर पावणेदोनशें वर्षें गेलीं. इंग्लंडांत १८३६ चा कायदा होऊन १ जुलै १८३७ पासून जन्ममृत्यूंची सरकारी नोंद सुरू झाली, आणि त्या कचेरींत विल्यम फार हा तरुण डॉक्टर आंकडे जुळविण्याच्या कामावर लागला. फार हा गरीब शेतमजुराचा मुलगा. गांवच्या एका सधन गृहस्थानें त्याला शिकविलें, पॅरिसला जाऊन त्यानें वैद्यकाचा अभ्यास केला. १८३९ च्या पहिल्याच अहवालांत त्यानें आपली अडचण स्पष्ट मांडली: एकाच रोगाला तीन-चार नांवें, एकाच नांवाखालीं अनेक रोग, कित्येक नांवें अगदीं मोघम, आणि पुष्कळदां मूळ रोग सोडून त्याचा उपद्रवच नोंदलेला. पदार्थविज्ञानाला जशीं वजनें आणि मापें तशींच या शास्त्राला ठरीव नांवें हवींत, असा त्याचा आग्रह होता.

त्याच अहवालानें एक वाद पेटविला. पहिल्या सहा महिन्यांच्या मृत्यूंत ६३ मृत्यु फारनें उपासमारीच्या नांवावर टाकले होते. दीड लाखाच्या आसपास मृत्यूंत त्रेसष्टांची ती काय मातबरी! परंतु हे त्रेसष्ट एका सामर्थ्यवान गृहस्थाच्या जिव्हारीं लागले. एडविन चॅडविक हा दरिद्रीसाहाय्य-मंडळाचा चिटणीस. १८३४ च्या नव्या कायद्यानें धडधाकट गरिबाला घरीं मिळणारी मदत तोडून त्याला श्रमगृहाची वाट दाखविली होती. कायद्याच्या समर्थकांचें म्हणणें असें कीं, श्रमगृहाचें दार उघडें असतांना इंग्लंडांत कोणी भुकेनें मरूंच शकत नाहीं. सरकारी अहवालांतील "उपासमार" हा शब्द म्हणजे त्या कायद्यावरील आरोपपत्रच होतें. चॅडविकनें एकेका मृत्यूचा खुलासा मागविला. त्यांतील कांहीं तर आईचें दूध न मिळालेलीं तान्हीं मुलें होतीं. त्यांना भुकेचे बळी कसें म्हणावें, असा त्याचा सवाल.

फार मागें हटला नाहीं. उलट त्यानें सांगितलें कीं, नोंदवहींत दिसतो त्याहून भुकेचा संहार कितीतरी मोठा आहे. पण भूक बहुधा स्वतःच्या नांवानें मारीत नाहीं. अर्धपोटीं शरीरांत नाना रोग घर करतात, आणि नोंद होते ती त्या रोगांची. चॅडविकच्या बाबतींत अन्याय होऊं नये म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे कीं, घाण आणि दूषित हवा यांच्याविरुद्ध त्यानें पुढें १८४२ च्या अहवालांत जी मोहीम उघडली तिनें लक्षावधि प्राण वांचविले. परंतु गटारें बांधतां येतात म्हणून घाण हें कारण मानावयाचें, आणि मजुरी वाढवावी लागेल म्हणून भूक हें कारण मानावयाचें नाहीं, असा त्या विचाराचा कल होता, असें म्हणावें लागतें.

फारचें म्हणणें पटण्यास महाराष्ट्रीय वाचकाला लंडनला जाण्याची गरज नाहीं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत सोलापूर, नगर, विजापूर या बाजूंस माणसें अन्नावांचून खंगलीं. शेवटचा घाला मात्र ताप, हगवण किंवा पटकी यांनीं घातला. हिंदुस्थानच्या जुन्या आरोग्य-अहवालांत पटकी, देवी, ताप, अतिसार असे मोजके रकाने असत आणि त्यांत "ताप" हा रकाना सर्वांत फुगलेला. खेड्यांतील नोंद गांवकामगारांच्या तोंडच्या माहितीवर होई. डॉक्टर कोठें होता? १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांतहि हिंवताप व पटकी यांनींच असंख्य लोक नेले. भुकेला स्वतःचा रकाना क्वचितच मिळाला.

यादी सर्व देशांना एकच असावी, हा विचार १८५३ सालीं ब्रुसेल्सच्या संख्याशास्त्र-परिषदेंत पुढें आला. १८५५ सालीं पॅरिस येथें दोन याद्या समोर आल्या, एक फारची व दुसरी जिनीव्हाच्या मार्क देस्पिन याची. फारनें सांथीचे रोग वेगळे काढून पुष्कळसे बाकीचे रोग शरीरांतील स्थानाप्रमाणें लावले होते: मेंदूचे, हृदयाचे, फुप्फुसांचे इत्यादि. देस्पिनची विभागणी रोगाच्या प्रकृतीवर होती. परिषदेनें दोहोंची खिचडी करून १३९ नांवांची यादी मान्य केली. ती कोणालाच फारशी रुचली नाहीं. फारचें तत्त्व मात्र टिकलें. पॅरिस नगरीच्या संख्याखात्याचा प्रमुख झाक बर्तियों यानें त्याच पायावर केलेली यादी १८९३ सालीं शिकागो येथें स्वीकारली गेली. (गुन्हेगारांच्या शरीराचीं मापें घेऊन त्यांना ओळखण्याची युक्ति काढणारा आल्फोंस हा याचाच धाकटा भाऊ, वर्गवारीचा नाद घराण्यांतच असावा.) १९०० सालीं २६ राष्ट्रांच्या प्रतिनिधींनीं ती तपासली, आणि ठराविक मुदतीनें तिची दुरुस्ती करण्याचा प्रघात पडला.

सहाव्या दुरुस्तीच्या वेळीं, म्हणजे १९४८ सालीं, यादी जागतिक आरोग्य संघटनेच्या हातीं आली आणि मरणाबरोबर आजारहि तिच्यांत आले. मृत्यूच्या दाखल्याचा नमुना त्याच वेळीं सर्वत्र एक ठरला. त्यांत ओळी एकाखालीं एक असतात. वरच्या ओळींत शेवटचें कारण, खालीं त्याचें कारण, त्याखालीं त्याचेंहि कारण. घसरून पडल्यानें मांडीचें हाड मोडलें, अंथरुणावर पडून राहिल्यानें फुप्फुसदाह झाला, त्यांत म्हातारा गेला. तर मोजणी फुप्फुसदाहाची होत नाहीं, घसरण्याची होते. जेथून साखळी सुरू झाली तें मूळ कारण. शंभर वर्षांपूर्वीं फार हेंच मागत होता.

आजारांचा समावेश झाल्यावर यादीचा पैशाशीं संबंध येणें ओघानेंच आलें. जर्मनींत बिस्मार्कनें १८८३ सालीं कामगारांचा आजारविमा सुरू केला होता, ब्रिटनमध्यें १९११ सालीं तसा कायदा झाला. पण रोगाच्या नांवावरून इस्पितळाची रक्कम ठरविण्याची पद्धति पक्की झाली ती अमेरिकेंत, १९८३ सालीं. वृद्धांच्या सरकारी विम्यांत रोगांचे गट पाडून प्रत्येक गटास ठराविक रक्कम नेमली गेली. तेव्हांपासून डॉक्टरचें टिपण वाचून त्याला योग्य क्रमांक देणें हा एक स्वतंत्र धंदाच झाला. १९९० सालीं मान्य झालेल्या दहाव्या दुरुस्तींत "ए ००" म्हणजे पटकी, "आय २१" म्हणजे हृदयविकाराचा तीव्र झटका. अमेरिकन इस्पितळांचीं हीं टिपणें चेन्नई, हैदराबाद, पुणें येथील तरुण पदवीधरहि वाचतात, आणि त्यांचा पहिला पाठ शरीररचनेचाच असतो, कारण यादीचीं पुष्कळ प्रकरणें अद्याप फारच्या रीतीनें अवयवांप्रमाणेंच लागलेलीं आहेत. भारी रोगाला भारी रक्कम, म्हणून थोडासा भारी क्रमांक लावण्याचा मोहहि त्याबरोबर आला. लंडनच्या म्हाताऱ्या दुप्पट दक्षिणा घेऊन रोग हलका करीत, हे लोक तो जड करतात, एवढाच फरक.

१६३२ च्या पत्रकांतील वार्धक्याचा वादहि मिटलेला नाहीं. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या दुरुस्तींत "म्हातारपण" हा शब्द घालण्याचें ठरलें होतें. त्यामुळें वृद्धांच्या खऱ्या रोगांकडे दुर्लक्ष होईल अशी ओरड झाली आणि तो शब्द ऐन वेळीं बदलावा लागला. भुकेला मात्र दहाव्या दुरुस्तींत स्वतःचें स्थान मिळालें होतें: "एक्स ५३, अन्नाचा अभाव". दाखल्याच्या खालच्या ओळींत डॉक्टरनें तसें लिहिलें तरच एखादा मृत्यु त्या क्रमांकावर जातो. ती ओळ कोरी राहिली तर तो हगवणीच्या रकान्यांत पडतो.