वाढत्या पृष्ठाचे चढउतार : मुंबईतील एका गणिताचा इतिहास

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या मार्गावर, शिरूर मागे टाकल्यावर, पारनेर तालुक्यातील सुपा लागते. (शहाजीराजांच्या जहागिरीतील सुपे ते हे नव्हे, ते बारामतीकडचे.) या मार्गावर वाहनांची एकेरी रांग लागली की पुढची जागा रिकामी झाल्यावाचून मागच्या वाहनास सरकता येत नाही. संख्याशास्त्रीय पदार्थविज्ञानात या रचनेस वर्जन-प्रक्रिया म्हणतात, आणि वाढत्या पृष्ठाच्या चढउतारांचा इतिहास तिच्यावाचून सांगता येत नाही. भरलेली जागा म्हणजे उतार व रिकामी जागा म्हणजे चढ असे मानले, तर रांगेची एक दंतुर रेषा होते. कण एक घर पुढे सरकला की रेषेतील एक खळगा भरून तेथे शिखर उभे राहते.

एडवर्ड्स व विल्किन्सन यांच्या १९८२ च्या रेषीय समीकरणानुसार एकमितीय पृष्ठाचा खडबडीतपणा कालाच्या १/४ या घातांकाने वाढतो. १९८६ मध्ये कार्दार, पारिसी व झांग यांनी त्यात उताराच्या वर्गाचे एकच पद घातले आणि घातांक १/३ झाला. तथापि त्यांची पुनर्सामान्यीकरणाची पद्धत आसन्न होती. नेमके गणित हाती आले ते १९८७ मध्ये, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दीपक धर यांच्या लेखाने. बेटे यांनी १९३१ साली चुंबकीय साखळीसाठी योजलेली रीत धर यांनी वर्जन-प्रक्रियेस लावली व तिचा शिथिलनकाल लांबीच्या ३/२ घातांकाने वाढतो असे दाखविले. खडबडीतपणाचा लांबीशी निगडित घातांक १/२ आहे. त्यास ३/२ ने भागले की १/३ च येतो. ग्वा व स्पोन यांनी १९९२ मध्ये हे गणित विस्ताराने मांडले. विस्ताराचे श्रेय त्यांचे, वाट दाखविण्याचे धर यांचे. इतिहास लिहिताना या दोहोंची गल्लत होऊ नये.

त्याच संस्थेत सत्य मजुमदार व मुस्तनसिर बर्मा यांनी १९९१ मध्ये खूण केलेल्या एका कणाच्या भ्रमंतीचा पृष्ठाच्या चढउतारांशी संबंध जोडला. चढउतारांचे संपूर्ण वितरण मात्र पुढे उलगडले : ट्रेसी व विडम यांनी १९९४ मध्ये यादृच्छिक सारणींसाठी काढलेले वितरण येथेही लागू पडते, हे योहान्सन यांनी २००० मध्ये सिद्ध केले, आणि २०१० मध्ये ताकेउची व सानो यांनी द्रव-स्फटिकावरील प्रयोगात ते मोजूनही पाहिले. द्विमितीय पृष्ठाचे नेमके घातांक अद्याप कोणास काढता आलेले नाहीत. बेटे यांची रीत तेथे चालत नाही.